श्रीहरिकोट्याची अमावास्या

१४ जुलै २०२३ ला दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी चांद्रयान-३ उडालं, तेव्हा मी पतपेढीच्या मागच्या खोलीत डबा अर्धवट सोडून फोनकडे बघत उभी होते. श्रीहरिकोट्याला जाऊन सामान्य माणसाला उड्डाण बघता येतं, त्यासाठी गॅलरी आहे, पास मोफत मिळतो, हे मला त्याच दिवशी कळलं. दीड महिन्यानी सूर्याचा अभ्यास करायला निघालेल्या आदित्य-एल१ च्या वेळी नोंदणीची तारीख लिहून ठेवली होती. पण मी फॉर्म भरायला बसले तोवर जागा संपल्या होत्या. अखेर जमलं ते ३० डिसेंबर २०२४ ला, इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या सी६० या उड्डाणाला. मी, बाबा आणि माझा बारा वर्षांचा भाचा असे तिघं जाऊन आलो. परत आल्यापासून बरेच जण विचारतात की पास कसा मिळाला, राहिलात कुठे, खर्च किती आला. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही कल्याणचे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता ७१ वर्षांचे आहेत. आकाश बघायची सवय मला त्यांनी लावली. खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला ते मला पहिल्यांदा वांगणीला घेऊन गेले तेव्हा मी नववीत होते. टॉर्चच्या काचेवर पतंगाचा लाल कागद रबराने लावायचा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत, हे तिथे शिकले. तो कागद लावलेला टॉर्च आजही घरात आहे. भाच्याला घेऊन मी गच्चीवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जाताना बघते. संध्याकाळी अंधार पडल्यावर एक ठळक ठिपका न लुकलुकता चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडून जातो आणि मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो. असे ठिपके वर्षानुवर्षं बघितल्यावर एक तरी ठिपका निघतो तिथे जाऊन बघावा, असं मला फार वाटत होतं.

सी६० च्या उड्डाणात स्पेडेक्स नावाची मोहीम होती. प्रत्येकी साधारण २२० किलोचे दोन उपग्रह, एक पाठलाग करणारा आणि एक लक्ष्य. दोन्ही ४७५ किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडायचे, आधी एकमेकांपासून लांब जाऊ द्यायचे आणि मग हळूहळू जवळ आणून जोडायचे. पुढे भारताला स्वतःचं अवकाश स्थानक बांधायचं तर हे जोडकाम यायलाच हवं. भाच्याने याची इतकी माहिती जमवली होती की त्याला न नेता जाणं शक्यच नव्हतं.

नोंदणी २३ डिसेंबरला संध्याकाळी ६ ला सुरू होणार होती. सोमवार होता. मी साहेबांना सांगून अर्धा तास आधी निघाले, कारण सहाला लोकलमध्ये लोंबकळत असते तर फॉर्म भरता आला नसता. तिघांची आधार कार्डं समोर टेबलावर ठेवली. नावं, वय, ओळखपत्राचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतले. हे नक्की करा. घाईत कार्ड उलटंसुलटं करण्यात वेळ जातो आणि एखादा आकडा चुकतो. माझ्या फोनचं नेटवर्क ऐन वेळी गेलं आणि ओटीपी येईना. दोन मिनिटं नुसती खिडकीत फोन धरून उभी होते, हात थरथरत होते. शेवटी बहिणीचा नंबर टाकला, तिच्या फोनवर ओटीपी लगेच आला. ६ वाजून १४ मिनिटांनी पास ईमेलमध्ये आले. भाचा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "मावशी, आले का गं?" मला उत्तर द्यायलाही सुधरेना. पासाच्या दोन-दोन प्रती छापून घेतल्या, एक संच माझ्या पिशवीत आणि एक बाबांच्या खिशात.

पास मिळाला म्हणजे निम्मं काम झालं असं मला वाटलं होतं. खरं काम पुढे होतं. नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधले दिवस, चेन्नईकडच्या गाड्या केव्हाच भरलेल्या. तत्काळशिवाय मार्ग नव्हता. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ ला उघडतं. २८ तारखेच्या गाडीसाठी २७ ला मी आणि बहीण दोघी दोन फोनवर बसलो, तिच्या फोनवर आमची तिकिटं निघाली. माणशी आठशेच्या आसपास पडले. कन्फर्म तत्काळचे पैसे परत मिळत नाहीत आणि उड्डाण तर तांत्रिक कारणाने कधीही पुढे ढकललं जातं. चांद्रयान-२ शेवटच्या ५६ मिनिटांत थांबवलं होतं, ते आठवडाभराने गेलं. म्हणजे पैसे वाया जाण्याची तयारी ठेवूनच निघावं लागतं. बाबांना मी हे दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "गेलो आणि नाही उडालं, तरी जागा तर बघून येऊ."

बाबांना वरचा बर्थ मिळाला होता. तत्काळमध्ये ज्येष्ठांचा खालचा बर्थ हक्काने मिळत नाही, हे लक्षात ठेवा. सोलापूरला चढलेल्या एका मुलाने आपणहून जागा बदलून दिली. २९ ला संध्याकाळी चेन्नईत उतरलो, स्टेशनजवळच्या लॉजवर १८०० रुपयांत खोली मिळाली. रात्री ८ वाजून ५८ मिनिटांनी तिकडे २५ तासांची उलटगणती सुरू झाली. भाचा त्या क्षणापासून दर तासाला घड्याळ बघत होता.

सोमवारी सकाळी चेन्नईहून सुल्लुरपेट्याची लोकल धरली. श्रीहरिकोट्याला सर्वात जवळचं स्टेशन हेच, चेन्नईच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटर. तिकीट वीस-पंचवीस रुपये, वेळ दोन-अडीच तास. डब्यात निम्मे प्रवासी आमच्यासारखेच पाठपिशव्यावाले होते. एका कोपऱ्यात तमीळ शाळेतली मुलं, दुसरीकडे बंगळूरूचं एक जोडपं, सहा महिन्यांच्या बाळासकट. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती, पण "पीएसएलव्ही?" एवढं विचारलं की मान हलायची आणि हसू यायचं.

सुल्लुरपेट्यात लॉज मी फोनवरून आधीच ठरवला होता. गेल्यावर मालकाने ठरलेल्यापेक्षा सातशे रुपये जास्त मागितले, आज गर्दी आहे म्हणून. रात्री उशिरा परत येऊन ७१ वर्षांच्या माणसाला कुठे झोपवणार? २२०० देऊन गप्प बसले, पण वाईट वाटलं. तुम्ही जाणार असाल तर आगाऊ पैसे भरून पावती मागवून घ्या, नाहीतर सरळ चेन्नईलाच मुक्काम ठेवून येण्याजाण्याची गाडी करा.

रिक्षावाल्याशी तेलुगू-हिंदी मिसळून बोलणं झालं. जाऊन-येऊन हजार रुपये. निम्मे आधी आणि निम्मे रात्री परत आणल्यावर, असं मी ठरवलं. हे फार उपयोगी पडलं. त्याचा नंबर घेतला आणि शिवाय गाडी कुठे उभी राहील ती जागा त्याच्याकडून जाताना दाखवून घेतली, कारण एवढ्या गर्दीत रात्री फोन लागेलच असं नाही.

सुल्लुरपेट्याहून श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, मध्ये सरळ रस्ता. श्रीहरिकोटा हे बेटच आहे, एका बाजूला हे सरोवर आणि दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर. पूर्वेला मोकळा समुद्र असल्यामुळेच ही जागा निवडली. रॉकेटचे जळून गेलेले टप्पे समुद्रात पडतात, आणि विषुववृत्ताच्या जवळ असल्याने पूर्वेकडे उडवताना पृथ्वीच्या फिरण्याचा वेगही मिळतो. हे मी वाचलेलं होतं. पण रिक्षा थांबवून बाबांनी बोट दाखवलं ते पाण्यातल्या रोहित पक्ष्यांकडे, म्हणजे फ्लेमिंगोंकडे. शेकडो, लांबून पांढरट गुलाबी रेघ दिसावी असे. चोच उलटी करून चिखल चाळत होते. रात्री या पाण्यावरून केवढा आवाज जाणार आहे, हे त्यांना सवयीने माहीत असेल का, असं भाच्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

गॅलरीच्या आवारात पोचायला दुपारचे साडेचार झाले. पास आणि मूळ ओळखपत्र दोन्ही तपासतात. भाच्याचं आधार कार्ड मूळचंच घेतलं होतं, ते बरं झालं. तपासणीत अडायला नको म्हणून मी दुर्बीण घरीच ठेवली होती. आवारात अवकाश संग्रहालय आहे, बाहेर बागेत रॉकेटच्या प्रतिकृती उभ्या आहेत. बाबा एसएलव्ही-३ च्या समोर थांबले ते बराच वेळ. १८ जुलै १९८० ला याच रॉकेटने इथूनच रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याच्या आदल्या वर्षीचा, १० ऑगस्ट १९७९ चा पहिला प्रयत्न फसला होता. १९८० साली बाबा २७ वर्षांचे. वर्कशॉपमध्ये दुपारच्या सुट्टीत रेडिओवर बातमी ऐकली आणि कुणीतरी गुळाचे खडे वाटले, एवढंच त्यांना आठवतं. हे त्यांनी मला याआधी कधी सांगितलं नव्हतं.

मग वाट बघणं. पाच तास. गॅलरीला पायऱ्या आहेत आणि बाबांचा गुडघा दुखतो, म्हणून खालच्या रांगेत कडेची जागा धरली. ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर लवकर पोचायचं खरं कारण हेच. चपात्या आणि शेंगाची चटणी घरून आणली होती, पाण्याच्या बाटल्या, ओडोमॉस, बाबांना कानटोपी. समुद्रावरून वारा येत होता. अंधार पडला तसा पश्चिमेला शुक्र ठळक झाला, त्याच्या वरच्या अंगाला शनी. ढग येत-जात होते. त्या दिवशी अमावास्या होती, सोमवती अमावास्या, त्यामुळे ढगांच्या फटीत तारे चांगले दिसत होते. आसपासच्या मंडळींना बाबा लाल टॉर्च विझवून बोटाने दाखवायला लागले. डोक्यावर गुरू, त्याच्या शेजारी तांबूस रोहिणीचा तारा. तिच्या पूर्वेला मृग, पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि बाण मारणारा व्याध आग्नेयेला. अजून खाली, दक्षिणेकडे क्षितिजाच्या थोडा वर, अगस्त्य. कल्याणहून अगस्त्य इमारतींच्या मागे लपतो. इथे तो मोकळा दिसत होता. लोक सरकून जवळ आले. भाषा तीन-चार, पण बोट कुठे वळतंय एवढं सगळ्यांना कळत होतं.

उड्डाणाची वेळ आधी ९ वाजून ५८ मिनिटांची होती. ती १० वर गेली, म्हणजे प्रत्यक्षात १० वाजून १५ सेकंदांवर. वरच्या कक्षेत दुसरा कुठला उपग्रह जवळ येणार असेल तर तो टळावा म्हणून असा बदल करतात. दोन मिनिटांचाच बदल, पण तो कळला तेव्हा सगळ्या गॅलरीत कुजबुज पसरली आणि माझ्या पोटात गोळा आला. भाचा माझा हात घट्ट धरून होता. "नाही ना गं पुढे ढकलणार?" मी म्हटलं, नाही. माहीत मलाही नव्हतं.

शेवटच्या दहा सेकंदांत हजारो माणसं एका आवाजात आकडे मोजतात. शून्याला आधी काहीच ऐकू आलं नाही. झाडांच्या मागे क्षितिज केशरी झालं, मग पांढरं झालं, आणि त्या उजेडात मला माझ्या हातावरच्या पासाची अक्षरं वाचता आली. बाबांचा चेहरा दिसला, कानटोपीची निळी किनार दिसली. ज्योत झाडांच्या वर आली आणि उभीच्या उभी चढायला लागली, अजूनही आवाज नाही. मी भाच्याला आधी सांगून ठेवलं होतं, उजेड दिसल्यापासून मोजायचं. तो मोठ्याने मोजत होता. सोळा म्हणाला आणि आवाज आला. सेकंदाला साधारण ३४० मीटर धरले तर साडेपाच किलोमीटरच्या आसपास. आवाज कानात येण्याआधी छातीत येतो. बाक थरथरला. जाड कापड कुणीतरी टराटरा फाडत आहे असा तो आवाज, पण आभाळभर.

या उड्डाणातलं पीएसएलव्ही बाजूला जोडायच्या जादा रॉकेटांविना, म्हणजे बूस्टरविना होतं, नुसता मधला गाभा. ४४.५ मीटर उंच, २२९ टन. पहिल्या टप्प्यात घन इंधन, ते दोन मिनिटांच्या आत संपतं. रॉकेट आग्नेयेकडे वळलं, एका विरळ ढगात शिरलं आणि तो सगळा ढग आतून पेटल्यासारखा झाला. पलीकडे निघालं तेव्हा ज्योतीचा ठिपका झाला होता. व्याधाच्या खालून, अगस्त्याला उजव्या हाताला ठेवून तो पुढे गेला. क्षणभर विझला, पहिला टप्पा सुटला होता, आणि पुन्हा अंधूकसा पेटला. मग ताऱ्यांमधला कुठला आणि रॉकेट कुठलं हे मला सांगता येईना. बाबा म्हणाले, "तो बघ, अजून आहे." त्यांना खरंच दिसत होता की नाही मला ठाऊक नाही. ते हात जोडून उभे होते.

फोटो मी एकही काढला नाही, हे आधीच ठरवलं होतं. पहिल्या खेपेला फोन खिशात ठेवा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. चित्रण सगळीकडे मिळतं. तो उजेड स्क्रीनमधून बघितलात तर बाजूच्या माणसाचा चेहरा बघायचा राहून जातो.

पंधरा मिनिटांनी पडद्यावर दोन्ही उपग्रह एकापाठोपाठ सुटल्याचं जाहीर झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लगेच उठून पळू नका. गर्दी तशीही हलत नाही. आम्ही अर्धा तास बसून राहिलो, तरी रिक्षापर्यंत पोचायला पावणेबारा झाले. फोन लागतच नव्हता. पण रिक्षावाला दाखवलेल्या जागीच उभा होता, त्याने गाडीत बाबांसाठी मागची सीट मोकळी करून ठेवली होती. लॉजवर एक वाजता पोचलो. सकाळची लोकल, चेन्नईहून परतीची गाडी, तिकडे आरएसी होतं ते वाटेत कन्फर्म झालं, आणि १ जानेवारीला घरी. तिघांचा मिळून खर्च सव्वाबारा हजार आला. त्यात जाण्या-येण्याची गाडी सव्वाचार हजारांच्या आसपास, दोन मुक्काम चार हजार, बाकी रिक्षा, लोकल आणि खाणं.

पण खरी वाट बघणं परत आल्यावर सुरू झालं. उपग्रह वर गेले होते, जोडायचे अजून बाकी होते. ७ जानेवारीची तारीख ठरली होती, ती ९ झाली, मग तीही पुढे गेली. दरम्यान त्याच रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर, ज्याला पोएम-४ म्हणतात, २४ उपकरणं फिरत होती. त्यातल्या एका छोट्या पेटीत चवळीचे आठ दाणे होते. चार दिवसांत त्यांना मोड आले ही बातमी आली, तेव्हा भाच्याने बहिणीच्या डब्यातले आठ दाणे मोजून घेतले, ओल्या कापसात एका वाटीत ठेवले आणि खिडकीत मांडले. रोज संध्याकाळी फोनवर मला आकडा सांगायचा.

१२ जानेवारीला दोन उपग्रह तीन मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा मागे नेले. १६ ला सकाळी मी ठाण्याच्या पुढे लोकलमध्ये उभी होते, एका हाताने कडी धरलेली. दुसऱ्या हातातल्या फोनवर बातमी आली की जोडले गेले. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर आपण. मी बाबांना फोन लावला. डब्यात एवढा आवाज की त्यांना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, मला दोनदा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, थांब, वही आणतो, तारीख नीट सांग.

भाच्याच्या वाटीत तोवर आठपैकी सात दाण्यांना मोड येऊन पानं फुटली होती. आठवा त्याने अजून काढून टाकलेला नाही.